कमरेचा बाक आधी तपासा, मग व्यायाम

कमरेच्या ५ मणक्यांना आतल्या बाजूला बाक असतोच, आणि तो हवाच. त्यामुळे 'पाठ अगदी सरळ करायची' हे डोक्यातून काढून टाका.

भिंतीला नितंब आणि खांदे टेकवून उभे राहा, टाचा भिंतीपासून ५-७ सेंमी पुढे. कमरेमागे सपाट तळवा जेमतेम सरकला तर ठीक. अख्खी मूठ आरपार जात असेल तर बाक बहुधा जास्त आहे. हात शिरतच नसेल तर कमी. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नव्हे. दुखत नसेल तर नुसत्या जास्त बाकाला घाबरू नका.

बाक जास्त वाटला तर सुरुवात इथून करा: उताणे झोपा, गुडघे दुमडा, श्वास सोडत बेंबी आत घ्या आणि कंबर हलकेच जमिनीला टेकवा. ५ सेकंद धरा, १० वेळा. नवखे इथे हमखास श्वास कोंडतात किंवा पायांनी जमीन रेटतात. मग काम मांड्या करतात, पोट नाही. नितंब उचलले जात असतील तर जोर कमी करा.

तासन्‌तास बसणाऱ्यांनी टॉवेलची गुंडाळी कमरेमागे, पट्ट्याच्या उंचीवर ठेवावी. ती खाली घसरली की नितंब पुढे ढकलले जातात आणि उलट पोक येतो. दर अर्ध्या तासाने उठाच.

पायात जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.