प्रेम आणि सूड यांवरची एकच मेक्सिकन मालिका पाहायची असेल, तर कोणती पाहावी?

प्रेम आणि सूड या जोडीवर मेक्सिकोत मालिकांचे पीक मोठे आहे; त्यांतली एकच पाहण्याइतका वेळ असेल तर कोणती निवडावी, आणि आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांना कंटाळलेल्या प्रेक्षकाला तिच्यात वेगळे काय मिळेल, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘कूना दे लोबोस’, अर्थात ‘लांडग्यांचा पाळणा’. मात्र मी सुचवतो आहे ती १९८६-८७ मध्ये प्रसारित झालेली मूळ मालिका. पास वेगा या स्पॅनिश अभिनेत्रीला घेऊन २०१९ मध्ये तेलेविसा वाहिनीसमूहाने हीच कथा २५ भागांत नव्याने सादर केली. ती चकचकीत आहे, वेगवानही आहे, पण त्या वेगात मूळ कथेतले विष नीट मुरत नाही.

कथेचा पाया एका खोटेपणावर उभा आहे. लारिओस हे औषधनिर्मितीच्या व्यवसायातले गर्भश्रीमंत कुटुंब. घराची मालकीण कातालिना क्रील एका डोळ्यावर कायम पट्टी बांधून वावरते, कारण सावत्र मुलगा होसे कार्लोस याने लहानपणी खेळताना फेकलेल्या भोवऱ्याने तिचा डोळा गेला, असे सगळे घर मानते. प्रत्यक्षात तिचा डोळा धडधाकट आहे. हे नवऱ्याला कळते, आणि त्याची वाच्यता होण्याआधी ती त्याला विष घालून मारते. हे सांगून मी आपला रसभंग करत नाही, कारण प्रेक्षकांना ते सुरुवातीलाच दाखवले जाते. ‘कोणी केले’ हा या मालिकेचा प्रश्नच नाही. तो सावत्र मुलगा मोठा होऊन व्यसनी आणि खचलेला पुरुष झाला आहे, आणि त्याच्या खचण्याचे कारण म्हणजे त्याच्या हातून कधी घडलाच नाही असा एक गुन्हा आहे, हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याला नसते. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत क्रूर भाग हाच आहे, पुढे होणारे खून नव्हेत.

मृत नवऱ्याने मृत्युपत्रात अट घालून ठेवलेली असते की, ज्या मुलाला आधी अपत्य होईल त्याच्याकडे संपत्ती जाईल. कातालिनाचा सख्खा मुलगा आलेहान्द्रो याच्या पत्नीला, विल्माला, मूल होणे शक्य नसते. तेव्हा आलेहान्द्रो लिओनोरा नवारो या साध्या घरातल्या तरुणीला प्रेमाच्या जाळ्यात ओढतो, तिला दिवस जातात, आणि जन्मलेले बाळ तिच्याकडून हिरावून विल्माचे म्हणून मिरवले जाते. इथून लिओनोराचा सूड सुरू होतो. ती होसे कार्लोसशी लग्न करून, सून म्हणून, त्याच वाड्यात परत येते. ज्या बाईने आपले मूल पळवले तिला सासू म्हणायचे, ज्या पुरुषाने फसवले तो दीर, आणि आपलेच मूल जावेच्या मांडीवर पाहायचे! नात्यांची ही गुंतागुंत मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

प्रेम या कथेत उशिरा आणि चोरपावलांनी येते, हे मला विशेष आवडते. लिओनोरा होसे कार्लोसशी लग्न करते ते त्या घराचा दरवाजा उघडण्यासाठी, म्हणजे आलेहान्द्रोने तिला जसे वापरले तसेच ती त्याला वापरते. हा माणूस त्या घरातला एकमेव निरुपद्रवी जीव आहे हे तिच्या ध्यानात येऊ लागते, तेव्हा तिच्या सुडालाच तडा जाऊ लागतो. दियाना ब्राचो यांनी ही घालमेल फारसे न रडता, बऱ्याच वेळा केवळ नजर चुकवून दाखवली आहे. होसे कार्लोसच्या भूमिकेतील गोन्सालो वेगा यांचे कामही तितकेच संयत आहे.

तरीही मालिका लक्षात राहते ती कातालिनामुळे, म्हणजेच मारिया रुबिओ यांच्यामुळे. त्या ओरडत नाहीत. पोशाखाच्या रंगाला जुळणारी डोळ्यावरची पट्टी, ताठ मान आणि हलका आवाज एवढ्या भांडवलावर त्यांनी असा दरारा निर्माण केला की २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही मेक्सिकोने त्यांना प्रामुख्याने याच भूमिकेसाठी आठवले. संवादाच्या प्रत्येक वाक्यानंतर तीन वेळा चेहरा जवळून दाखवण्याची आणि ढणढणाटी संगीताची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली, तिच्या तुलनेत ही खलनायिका केवळ गप्प बसून अधिक भीती घालते. लेखक कार्लोस ओल्मोस हे मुळात नाटककार होते, आणि दोन पात्रे एका खोलीत कोंडून त्यांच्यातला ताण वाढवत नेण्याचे त्यांचे कसब जवळजवळ प्रत्येक भागात दिसते.

आता वेगळेपणाविषयी. सुमारे अर्ध्या तासाचा एक, असे या मालिकेचे १७० भाग आहेत, आणि नंतर ती संपते. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिच्या लोकप्रियतेविषयी मला आदर आहे, पण सुडाच्या कथेला असा विस्तार सोसत नाही. सूड म्हणजे हिशेब, आणि हिशेब कधीतरी मिटणार असेल तरच त्यातल्या प्रत्येक नोंदीकडे आपण लक्ष देतो. खलनायिकेला पकडले की मालिकाच बंद पडेल अशी निर्मात्याची अडचण असते, तेव्हा ती दर महिन्याला निसटते, आणि काही काळाने नायिकेचा संतापही प्रेक्षकाला खोटा वाटू लागतो. मेक्सिकन पद्धतीत कथा बहुधा काही महिन्यांतच शेवटाला पोहोचते. ‘कूना दे लोबोस’च्या अखेरच्या भागाच्या वेळी मेक्सिको शहरातले रस्ते ओस पडले होते असे सांगतात, आपल्याकडे ‘रामायणा’च्या वेळच्या रविवार सकाळविषयी जे सांगितले जाते, त्याच जातीची ही आठवण आहे.

दोषही आहेत. मधल्या टप्प्यात कोणाला तरी रहस्य कळते आणि त्याचा काटा काढला जातो, असे चक्र अंमळ जास्त वेळा फिरते, आणि पोलिसांचा तपास सोयीपुरता मंद राहतो. चित्रीकरण बहुतांशी स्टुडिओतले, त्यामुळे वाड्याच्या भिंती कधी कधी भिंती वाटत नाहीत. काही कलाकार वाक्याआधी क्षणभर थबकल्यासारखे वाटतील. तेलेविसाच्या मालिकांत कानात बसवलेल्या छोट्या यंत्रातून संवाद सांगितले जाण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती, हे लक्षात ठेवले की अशा लयीची सवय होते.

थोडे विषयांतर होईल, पण मेक्सिकन मालिकांशी आपला संबंध दूरचा नाही. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या १९८२ मधील मेक्सिको भेटीनंतर ‘हम लोग’ची कल्पना पुढे आली, आणि १९८४ मध्ये ती मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्यासमोर आदर्श होता तो मेक्सिकन निर्माते मिगेल साबिदो यांच्या साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांवरच्या मालिकांचा. म्हणजे आपण मेक्सिकोकडून आधी प्रबोधन घेतले. विषप्रयोग आणि पळवलेली बाळे मात्र पुढे आपली आपणच शोधली.

ही मालिका जुनी वाटली, तर २००८ मध्ये सुरू झालेली ‘मान्याना एस पारा सिएम्प्रे’ पाहावी. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा मोठा होऊन, नाव बदलून, त्याच श्रीमंत घरावर सूड घ्यायला परततो आणि त्याच घरातली मुलगी त्याची बालपणीची प्रेयसी असते, अशी तिची रचना आहे. ही कथा मूळ कोलंबियाची. वर्षानुवर्षे सोशिक नायिका साकारलेल्या लुसेरो यांना तिथे निर्दय खलनायिका म्हणून पाहणे हाच तिचा मोठा आनंद आहे. सुडापेक्षा प्रेमाकडे आपला कल अधिक असेल, तर एदुआर्दो पालोमो आणि एदित गोन्सालेस यांची १९९३ ची ‘कोरासोन साल्वाहे’ घ्यावी.

‘कूना दे लोबोस’ निवडलीत, तर एक पथ्य पाळावे. तिच्याविषयीचे लेख किंवा चित्रफिती आधी पाहू नयेत, कारण मेक्सिकोत तिचा शेवट सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरून तो पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात.