मोबाइल नेटवर्कच्या सिग्नलिंगचे रेकॉर्ड काढताना आधी घड्याळ बघ

लातूर-नांदेडकडचा सिग्नलिंगचा (नेटवर्कमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीचा) डेटा पहिल्यांदाच काढणार आहेस, म्हणून सांगतो. एक्सपोर्टच्या आधी टाइमझोन बघ. बऱ्याच सिस्टिम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. आपली वेळ साडेपाच तास पुढं. परभणीची सकाळी १०ची तक्रार मी १०च्याच फाइलीत शोधत बसलो होतो अन् रेकॉर्ड होता ०४:३०ला. अख्खा दिवस गेला राव!

एक्सपोर्ट केलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नको. ४०४नं सुरू होणारा १५ आकडी आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) तिथं ‘४.०४ई+१४’ असा दिसतो. तसंच सेव्ह केलं की मागचे आकडे गेलेच. इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट ठेव.

आणखी एक. रेकॉर्ड साधारणपणे ट्रान्झॅक्शन (एक विनंती अन् तिचं उत्तर) संपल्यावर बनतो. समोरून उत्तरच आलं नाही तर टाइमआउटपर्यंत, म्हणजे वाट बघायची मुदत संपेपर्यंत तो लटकलेला राहतो. म्हणजे ज्या बिघाडाच्या मागं आपण लागलोय, त्याचेच रेकॉर्ड उशिरा येतात. १० ते ११चं हवं असेल तर पुढची फाइलही उचल, पण तिचं लिहिणं पूर्ण झाल्यावरच.

अन् ती फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नको. त्यात लोकांचे नंबर असतात.