दारिद्र्यरेषा घटत नसते

एका वाचकाने विचारलं आहे: ‘राज्यातली दारिद्र्यरेषा घटली’ हे बरोबर आहे का, आणि ‘गरिबी’ व ‘दारिद्र्य’ यांत फरक काय?

चूक आहे, आणि बातम्यांत ते उठताबसता ऐकून कान किटले आहेत. रेषा म्हणजे दरडोई खर्चाचा ठरवून दिलेला आकडा. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली पुण्यात बसून काढलेली रेषा १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या सरकारी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २००४-०५ची देशाची ग्रामीण रेषा ४४७ रुपयांच्या आसपास होती, २०११-१२ची ८१६. रेषा चांगली चढली की! त्याच सात वर्षांत रेषेखालच्या ग्रामीण लोकांचं प्रमाण मात्र ४१.८ टक्क्यांवरून २५.७ वर आलं. घटलं ते प्रमाण. तेवढा एक शब्द लिहायला काय जड जातं?

आता दुसरा प्रश्न. ‘दारिद्र्य’ आलं ‘दरिद्र’वरून. पाणिनीय धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी, ‘दरिद्रा दुर्गतौ’ (दरिद्रा म्हणजे दुर्गतीत असणं) असा वेगळा धातू देतो आणि परंपरेचे अभिमानी तिथेच थांबतात. मला ते मुळीच पटत नाही. द्रा म्हणजे धावणं. त्याचं द्वित्व होऊन, म्हणजे तो दोनदा येऊन, दरिद्रा, म्हणजे सारखं इकडून तिकडे धावत राहणं. तौलनिक भाषाशास्त्राचा कौलही इकडेच आहे. खुद्द धातुपाठात ‘द्रा कुत्सायां गतौ’ (द्रा म्हणजे वाईट रीतीने जाणं) आहेच, आणि ‘दुर्गती’त गती नाही तर काय आहे? दरिद्री म्हणजे पोटासाठी वणवण करणारा. ‘गरीब’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ परका, मुलखाबाहेरचा; ‘अजीबोगरीब’मध्ये तो परकेपणा अजून शिल्लक आहे. दोन वेगळ्या कुळांतले शब्द, आणि दोघांच्या मुळाशी घर सुटलेला माणूस!

म्हणून माझं ठाम मत आहे की गरिबीच्या मोजणीत स्थलांतराला पहिलं स्थान हवं. बीडकडचं जोडपं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतं, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत टाकून ऊसतोडीला निघतं. हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. पाहणीवाला त्या महिन्यांत गावात आला तर दाराला कुलूप, मग यादीत त्यांच्या जागी दुसरं घर. फडावरच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, महिन्यांचा खर्च, फिटायची राहिलेली उचल, मुलांची बुडालेली शाळा हे गावात बसून विचारून कळत नाही. पाऊस दगा देतो, दवाखाना खिसा रिकामा करतो, ही कारणं सगळे मांडतात. पण त्या धक्क्याने माणूस कुठे फेकला गेला ते कोण लिहितं?

फरकाचं म्हणाल तर शास्त्रीय लेखनात ‘दारिद्र्य’, बोलण्यात ‘गरिबी’, इतकाच. ‘दारिद्र्यता’ मात्र लिहू नका. ‘दारिद्र्य’ हेच भाववाचक नाम आहे, त्याला आणखी ‘ता’ लागत नाही.