दवाखाना दूर, दिवसाचा रोज बुडतो, काय करू?

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या, आता सत्तरीत पैसे चोरले म्हणून सगळ्यांवर संशय घेतात, रात्री दार उघडून निघतात. मुलगा दहावीला, धड जेवत नाही, परवा म्हणाला जगून काय करायचंय. प्रायव्हेटची ऐपत नाही ओ, आणि सिव्हिलला गेलं की दिवस जातो, आमच्या विड्या हजारावर मोजतात, तेवढी मजुरी गेलीच. शेजारचे म्हणतात येड्याच्या डॉक्टरकडे कशाला. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी मुलाचं बघा, आजच. जवळ बसून सरळ विचारा, बाळा जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर हलवा आणि लगेच १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्रंदिवस. तिथं तेलुगूतही बोलता येतं, म्हणजे सासूबाई घरात तेलुगूच बोलत असतील तर त्यांच्याबद्दलही तिथंच विचारा.

सासूबाईंचं वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. शुगर, थायरॉईड, बी-१२, लघवीचं इन्फेक्शन यानेही म्हातारी माणसं अशी गोंधळतात, आणि त्यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दोघांना एकाच दिवशी न्या, रोज एकदाच बुडेल. गोळ्या चालू झाल्या तर फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात, मधेच बंद करू नका.

आणि रोज बुडतो हे तुमचं रडगाणं नाही, ही खरी अडचण आहे, माझ्या मते शेजाऱ्यांच्या टोमण्यांपेक्षाही मोठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ वाचा, त्यात स्पष्ट लिहिलंय की उपचारासाठी कुणाला लांब जायला लागू नये, सेवा राहत्या घराजवळ हवी, लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी पण. मग घरकुलातल्या दहा-वीस बायका मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज करा की, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर महिन्यातून एक दिवस इकडे बसवा म्हणून. आरोग्य खात्याच्या आशाताईंना सोबत घ्या, अर्जाची पोचपावती मागून घ्या.