वाचकांचे प्रश्न : हलक्या विमानाला अँगल ऑफ अटॅक सेन्सर बसवताना

प्रश्न : किटमधून बांधलेलं माझं दोन आसनी विमान ४० नॉटला स्टॉल होतं. एअरस्पीड इंडिकेटर बरोबर आहे, स्टॉलचा भोंगाही वाजतो. मग अँगल ऑफ अटॅकचा वेगळा दर्शक कशाला हवा? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : तुमचे ४० नॉट खरे आहेत, पण ते पंख सपाट ठेवून सरळ उडताना, पूर्ण वजनावर. पंख स्टॉल होतो, म्हणजे विमानाला उचलून धरेनासा होतो, तो कोनामुळे. पंखाची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रेषा) आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजेच अँगल ऑफ अटॅक, साधारण १५ ते १८ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते, मग वेग कितीही असो. उंची राखून ४५ अंश कललेलं वळण घेतलं तर तुमचं विमान ४८ नॉटलाच स्टॉल होईल, आणि ६० अंशांत जवळपास ५७ नॉटला. उतरताना तुम्ही स्टॉलच्या १.३ पट वेग ठेवता, म्हणजे ५२ नॉट. बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली, म्हणून वळण आवळलं आणि स्टिक ओढली, तर काट्यावर ५२ दिसत असतानाच पंख दगा देतो. त्या उंचीवर सावरायला जागा नसते. भोंगा ‘आता’ एवढंच सांगतो. हातात अजून किती शिल्लक आहे हे दर्शक आधीपासून दाखवत असतो. आमच्या मते तेवढ्यासाठी हा खर्च करावाच.

प्रश्न : दोन छिद्रांचा प्रोब घेतला आहे. तो कुठे आणि कसा बसवू? पंखाला भोक पाडायची भीती वाटते. (हिंगणा रस्ता, नागपूर)

उत्तर : भीती योग्य आहे. स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) हात लावायचा नाही, रिबलाही (पंखाच्या फासळीला) शक्यतो नाही. सर्वांत सोपी जागा म्हणजे पंखाच्या खालच्या बाजूचं तपासणीचं झाकण. मूळ झाकण काढून जपून ठेवा आणि त्याच मापाचं नवं झाकण १.६ मिलिमीटर जाडीच्या ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचं करून घ्या. मूळ पत्रा बहुधा पातळ असतो. त्यावर प्रोब बसवला तर तो थरथरतो आणि महिन्याभरात स्क्रूच्या भोकांपाशी चिरा दिसू लागतात. प्रोब प्रॉपेलरच्या झोतापासून बाहेर हवा आणि स्ट्रट (पंखाचा टेकू), चाक, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी) यांच्या मागे नको. प्रोबचं टोक पंखाच्या पृष्ठापासून निदान १५ सेंटीमीटर खाली ठेवा.

आता नळ्या. बहुतेक किटांतले जोड पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या नळीसाठी असतात. आपल्याकडे न्यूमॅटिकच्या दुकानात सहज मिळते ती ६ मिलिमीटरची नळी. ती पाव इंची जोडात जाते, अडकतेही, पण आतली ओ-रिंग तिला पुरती आवळत नाही आणि हवा झिरपते. म्हणून जोड आणि नळी एकाच मापाची घ्या. हवं तर सगळे जोड ६ मिलिमीटरचे बदला. दोन छिद्रांना दोन रंगांच्या नळ्या वापरा. रिबमधून जाताना रबरी ग्रॉमेट लावा, दर २५ सेंटीमीटरला बांधा, आणि एलेरॉनचा (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्टीचा) रॉड दोन्ही टोकांपर्यंत हलवून नळी कुठेही घासत नाही हे डोळ्यांनी पाहा. सर्वांत खालच्या जागी टी जोडून टोपणाची निचरा-नळी ठेवा. पावसाळ्यात पाणी साचतंच.

मग गळतीची चाचणी. हिला फाटा देऊ नका. लाकडी पट्टीवर पारदर्शक नळीचा यू करा, त्यात रंगीत पाणी भरा, आणि एक टी लावून ५० मिलिलिटरची सिरिंज व प्रोबचं छिद्र त्याला जोडा. सिरिंज अगदी सावकाश दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १६५ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १०० नॉट, ६० मिलिमीटर म्हणजे ६० नॉट. पुढच्या छिद्रावर (हा पिटो, याची नळी एअरस्पीड इंडिकेटरला जाते) १०० नॉटपर्यंत न्या आणि नळी चिमटा: एक मिनिट इंडिकेटरचा काटा जागचा हलता कामा नये. नंतर तिरप्या छिद्रावर तेवढाच दाब द्या. या वेळी पाण्याची पातळी टिकली पाहिजे, आणि एअरस्पीडचा काटा शून्यावरच राहिला पाहिजे. तो हलला तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. दाब सोडतानाही हळूच. तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसर तर जवळही आणू नका, एका झटक्यात इंडिकेटर निकामी होतो.

इतका आग्रह का? कोन वाढतो तसा तिरप्या छिद्रावरचा दाब वाढतो, आणि त्यावरूनच यंत्र कोन ओळखतं. त्या नळीत गळती असली की दाब कमी पोचतो, म्हणजे कोन आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दर्शक हिरवा आणि पंख स्टॉलच्या कडेला. पिटोच्या नळीतल्या गळतीने काटा कमी वेग दाखवतो आणि तुम्ही जरा जास्त वेगाने उडता. इथली चूक मात्र थेट धोक्याकडे नेते.

प्रश्न : डिसेंबरमध्ये कॅलिब्रेशन केलं तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत ते चालेल का? (सोनेगाव, नागपूर)

उत्तर : चालेल. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे, पण ४५ अंश तापमानात हवा ४,८०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. खरा वेग काट्यावरच्या वेगापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास जास्त असतो, म्हणून धावपट्टी जास्त लागते. मात्र पंखाचा स्टॉल-कोन तोच राहतो, आणि दोन छिद्रांवरच्या दाबांचं गुणोत्तर काढणारं यंत्र विरळ हवेने फसत नाही.

कॅलिब्रेशनसाठी पहाटेची शांत हवा निवडा. उन्हाळ्यात आठ-नऊनंतर थर्मल (तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत) सुरू होतात आणि आकडे नाचतात. जमिनीपासून निदान ३,००० फूट वर, सोबत अनुभवी प्रशिक्षक, टॉवरला आधी कल्पना. पॉवर आयडलवर आणून वेग सेकंदाला एक नॉट या संथ गतीने कमी करा. झटक्याने नाक उचललं तर नोंद बिघडते. फ्लॅप वर आणि फ्लॅप पूर्ण खाली, दोन्हींत किमान तीन-तीन स्टॉल घ्या.

फ्लॅपची बाब बरेच जण सोडून देतात. फ्लॅप खाली असताना विमानाचं नाक कमी वर असतानाच स्टॉल येतो. फक्त फ्लॅप वर ठेवून कॅलिब्रेशन केलं तर उतरताना, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी, इशारा उशिरा मिळतो. यंत्रात एकच नोंद ठेवता येत असेल तर पूर्ण फ्लॅपची ठेवा; फ्लॅप वर असताना तो थोडा लवकर वाजेल, ते परवडतं. शेवटी स्टॉलच्या १.३ पट वेगाने (४० नॉटला स्टॉल होणाऱ्या विमानात ५२ नॉट) सरळ उडून पाहा. १.३ पट वेगाला पंख आपल्या कमाल लिफ्टच्या सुमारे ५९ टक्के वापरत असतो. लँडिंगची खूण तिथे यायला हवी.

प्रश्न : सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर आणून घरीच दर्शक बनवला तर? परवानगी लागते का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : आधी परवानगी : नोंदणी झालेल्या विमानात कोणताही बदल करण्याआधी डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) लेखी विचारा. मूळ स्टॉल-भोंगा काढू नका, आणि नवा दर्शक ऑटोपायलटला जोडू नका.

घरी बनवायला एमपीएक्सव्ही७००२डीपी हा सेन्सर चांगला. तो उणे २ ते अधिक २ किलोपास्कल मोजतो, म्हणजे साधारण १११ नॉटपर्यंत. तुमचं विमान त्याहून वेगाने जात असेल तर मोठ्या मर्यादेचा घ्या. शून्य दाबाला २.५ व्होल्ट येतात, पुढे दर किलोपास्कलला एक व्होल्ट. अडचण कमी वेगात आहे. ४० नॉटला पिटोचा दाब जेमतेम २५९ पास्कल, म्हणजे पाव व्होल्ट. उन्हात तापून शून्य नुसतं ०.०५ व्होल्ट सरकलं तरी वाचन वीस टक्के चुकलं. म्हणून दर उड्डाणाआधी, प्रोबवर झाकण असताना, कॉकपिटचं तापमान स्थिरावल्यावर शून्य नव्याने घ्या. व्होल्टचा आकडा करणाऱ्या दहा बिटच्या कन्व्हर्टरची एक पायरी सुमारे ५ पास्कलची असते. सलग वीस वाचनांची सरासरी घेतली की आकडा थरथरत नाही.

प्रोबऐवजी फिरतं पातं लावायचं ठरवलं तर ते पीएलएमध्ये छापू नका. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उघड्या ॲप्रनवर मे महिन्याच्या दुपारी काळ्या रंगाचं पातं तिथवर सहज पोचतं. ॲल्युमिनियमचं करा, आणि पुढच्या बाजूला वजन लावून तोलून घ्या. प्रोब असो वा पातं, विमान उभं केलं की लगेच लाल फडक्याचं झाकण घाला. कुंभारीण माशी छिद्रात मातीचं घर बांधायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ घेत नाही.