उत्तर: जपानी नोह (गाणं-नाचातून उभं राहणारं जुनं नाटक) आणि संस्कृत नाटक यांची तुलना सुरू कुठून करायची?

कोणी कोणाकडून घेतलं, हा शोध आधी बाजूला ठेवा. तो लवकरच अडतो. दोन्हीकडे युद्धाची महाकथा आहे, तिचं नाटककाराने काय केलं ते पाहा.

भासाच्या नावावरचं ‘ऊरुभंग’ आणि नोह नाटककार झेआमीचं ‘आत्सुमोरी’ शेजारी ठेवून वाचा. एक महाभारतातून आलंय, दुसरं ‘हेइके’ या जपानी घराण्याच्या युद्धकथेतून, आणि दोघांचं मन हरलेल्याकडे आहे. ‘ऊरुभंगा’त गदायुद्ध रंगमंचावर दिसतच नाही, तीन सैनिक ते वर्णन करून सांगतात. मग दुर्योधनाचा लहानगा मुलगा दुर्जय त्याच्या मांडीवर बसायला येतो आणि मांड्या मोडलेला दुर्योधन त्याला अडवतो. मला हा संस्कृत नाटकातला सर्वात जीवघेणा क्षण वाटतो. ‘आत्सुमोरी’त तरुण आत्सुमोरीला युद्धात मारणारा योद्धा आता भिक्षू झालाय आणि मेलेला आत्सुमोरी भूत होऊन त्याच्यासमोर येतो, तलवार उगारतो, पण हा आता शत्रू नाही हे ओळखून थांबतो. आत्सुमोरीचे शब्दही बरेचदा गायकवृंद गातो.

नाट्यशास्त्रातला रस आणि झेआमीचे सिद्धांत यानंतर वाचा. नाहीतर दोन्ही नाटकं नुसती उदाहरणं होऊन बसतात.