ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल: सुटे भाग घेण्याआधी टेप घ्या

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं डांबर आणि कच्चा रस्ता अशा दोन्हींवर चालणाऱ्या दोन गाड्यांबद्दल आहेत: 2016 साली आलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 आणि 2019 साली आलेली हीरो एक्सपल्स 200. दोन्हींचं पुढचं चाक 21 इंची, रिंग तारांची आणि टायरमध्ये ट्यूब. त्यामुळे दुखणीही बरीचशी सारखीच आहेत.

प्रश्न: एक्सपल्स 200 4व्ही आहे. माझं वजन 84 किलो. स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आपटते, शंभरेक किलोमीटरनंतर कंबर धरते. गॅरेजवाले शॉकअप बदला म्हणतात. बदलू का? (सातारा)

इतक्यात नको. शॉकअप खराब आहे की फक्त तुमच्या वजनाला लावलेला नाही, हे आधी मोजून पाहा. मोजायला एक टेप, एक पेन आणि दोन माणसं लागतात.

गाडी साइड स्टँडवर तिरकी करून मागचं चाक हवेत लटकू द्या. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या पॅनेलवर पेनाने खूण करा आणि अंतर मोजा. समजा ते 620 मिमी भरलं. मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, एकदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. समजा 604 आलं, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने 16 मिमी बसली. आता हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नेहमीची बॅग घेऊन गाडीवर बसा. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. बॅग विसरू नका, हा सगळा जामानिमा सहज आठ-दहा किलो भरतो. समजा 558 आलं, तर एकूण बैठक 62 मिमी झाली.

या गाडीचं मागचं चाक एकूण 170 मिमी वर-खाली होऊ शकतं. स्वार बसल्यावर त्यातला साधारण एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे 50 ते 57 मिमी खर्च व्हावा. 62 याचा अर्थ खड्ड्यासाठी ठेवलेली जागा तुम्ही बसल्या-बसल्याच वापरली. शॉकअपला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे, दहा टप्पे आहेत. एकेक टप्पा आवळा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा.

55च्या आसपास आलात की स्वतःच्या वजनाची बैठक पुन्हा तपासा, कारण खरं उत्तर तिथे मिळतं. ती 10 ते 18 मिमी असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे आणि नवीन शॉकअपचे पैसे वाचले. ती पाच-सात मिमीवर आली असेल, किंवा सगळे टप्पे संपूनही स्वाराची बैठक साठच्या खाली येत नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच दाबली जाते. अशा वेळी जास्त ताकदीची स्प्रिंग घालायची. अख्खा शॉकअप तेव्हाच बदला, जेव्हा रॉडवर तेल दिसतं किंवा खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहते.

कंबरेबद्दल आणखी एक. सीट पुढे उतरती असेल तर माणूस टाकीकडे घसरतो आणि दर वेळी कंबरेच्या जोरावर मागे सरकतो. फोम बदलताना सीट उंच करण्यापेक्षा बैठकीची जागा सपाट करून घ्या. मऊ फोम दुकानात बोटाने दाबून छान वाटतो, पण तासाभरात तो तळाला लागतो आणि तुम्ही सीटच्या प्लॅस्टिकवर बसलेले असता. खाली घट्ट फोम आणि वर दोन सेंटिमीटर मऊ थर, ही जोडी टिकते.

प्रश्न: हिमालयन 411, उंची सहा फूट. कच्च्या रस्त्यावर उभं राहून चालवताना वाकावं लागतं, मनगटं बधिर होतात. हँडल रायझर कितीचा घ्यावा? (पुणे)

आधी हँडल क्लॅम्पमध्ये फिरवून बघा, लिव्हरही खाली घ्या. फूटरेस्टवर गुडघे किंचित वाकवून उभे राहा. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपर ते बोटं सरळ रेषा आली पाहिजे, मनगट वर मुडपता कामा नये. बधिरपणा बऱ्याचदा एवढ्यानेच कमी होतो. लिव्हरचे क्लॅम्प जेमतेम आवळा. गाडी पडली तर लिव्हर फिरावा, तुटू नये.

तरीही वाकावं लागलं तर 25 ते 30 मिमीचा रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा ठोकळा, पुरेसा आहे. त्याहून उंच घेतला की क्लच केबल आणि ब्रेकचा होज ताणला जातो. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. आरपीएम जरा जरी चढले तर थ्रॉटल केबल ओढली जाते आहे. केबलचा मार्ग सुधारल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. घाटातल्या यू-वळणावर आपोआप वाढलेला थ्रॉटल दरीकडे नेतो. पुढच्या ब्रेकचा होजही याच वेळी पाहा: फोर्क पूर्ण उघडलेला आणि हँडल टोकाला वळलेलं, अशा स्थितीतही होजला थोडी ढील हवी.

प्रश्न: हिमालयन 411वर दोघं आणि सामान घेऊन घाट चढताना सारखा गिअर उतरवावा लागतो. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 14 दातांचं टाकलं तर? (नाशिक)

टाकता येईल, पण काय मिळतं आणि काय जातं ते आकड्यात बघा. कंपनीची जोडी 15 आणि 38 दातांची आहे, म्हणजे गुणोत्तर 2.53. पुढे 14 टाकलं की ते 2.71 होतं. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावर सुमारे 7 टक्के जास्त ओढ येते. त्याच हिशेबाने, आधी 90च्या वेगाला इंजिन जितकं फिरायचं तितकं ते आता 84ला फिरेल. मुंबई–आग्रा रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हे जाणवेल, ॲव्हरेजही थोडं उतरेल. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे पावणेतीन दात वाढवण्यासारखं आहे. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं आणि परत बदलायला सोपं, म्हणून प्रयोग तिथेच करावा.

चेन तीच चालते. एक दात कमी झाल्यावर चाक सुमारे 4 मिमी मागे ओढावं लागतं. ॲडजस्टरवर तेवढी जागा उरली नसेल तर चेन आधीच लांबली आहे, मग पूर्ण चेन-किटच घ्या. जुन्या चेनवर नवीन स्प्रॉकेट चढवलं तर लांबलेली चेन त्याचे दात थोड्याच दिवसांत वाकडे करते. छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त घट्ट वळते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला जास्त घासते. ती पट्टी दर सर्व्हिसला पाहा. ती संपली की चेन थेट लोखंड कापते.

स्प्रॉकेट घ्यायच्या आधी मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ते दोन फेऱ्यांत थांबत असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा चेन जास्त घट्ट आहे. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा, पण वजन टाकून एकदा खात्री करा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणलेली असते. तेव्हाही बोटाने थोडी हलली पाहिजे. दोघं आणि सामान घेऊन फिरणाऱ्यांच्या चेन घट्ट ठेवल्यामुळेच जास्त खराब होतात, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंगही त्यासोबत जातं.

प्रश्न: सायलेन्सर बदलून पिकअप वाढेल का? (अहिल्यानगर)

आवाज वाढेल. बीएस6 गाडीत इंधनाचं प्रमाण कंपनीच्या सायलेन्सरवर बेतलेलं असतं. नुसता मोकळा सायलेन्सर लावला की बऱ्याचदा खालच्या आरपीएमची ओढच कमी होते, आणि घाटात तर तीच लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांना मनाई करतं, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेच पैसे टायरला घाला.

प्रश्न: कच्च्या रस्त्यावर हवा कमी ठेवतो. हिमालयनच्या मागच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून दोनदा फाटला. ट्यूबच खराब येते का? (सावंतवाडी)

ट्यूब नव्हे, टायर रिंगवर सरकतो आहे. हवा कमी असताना जोरात ब्रेक किंवा थ्रॉटल दिला की टायर रिंगपेक्षा किंचित पुढे-मागे होतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व्ह मात्र रिंगच्या भोकात अडकलेला राहतो. फाटण्याआधी तो तिरका होतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिंगला कधीच आवळू नका. तो वर टोपीपाशी नेऊन ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकू लागला आहे.

एकट्याने डांबरावर पुढे 25 आणि मागे 32 पीएसआय. खडी आणि जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर पुढे 20–21, मागे 24. याच्या खाली या वजनाच्या गाडीला फायदा थोडा आणि नुकसान फार: दगडावर ट्यूब रिंग आणि टायर यांच्यात चिमटली जाते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. चिखलात 15च्या खाली जायचंच असेल तर रिमलॉक, म्हणजे टायर रिंगवर सरकू न देणारी पकड, लागतो. पण त्यासाठी रिंगला भोक पाडावं लागतं आणि डांबरावर चाकाचा तोल बिघडतो. कोकणातल्या मिश्र रस्त्यांसाठी तो बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डांबरावर परत येताच हवा भरा. हातपंप जवळ ठेवा.

ट्यूब बसवतानाही बरेच घोटाळे होतात. रिंगवरची रबरी पट्टी तारांच्या टोकांवर नीट बसलेली हवी. ट्यूबला पावडर लावा आणि आकार येईल एवढीच हवा भरा. टायरची कड चढवताना शेवट व्हॉल्व्हजवळ करा. तिथे येताना समोरची कड गुडघ्याने रिंगच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, म्हणजे इकडे ढील मिळते. टामीने (टायर चढवायच्या पट्टीने) एका वेळी चार-पाच सेंटिमीटरच उचला. जोर करावा लागतोय म्हणजे समोरची कड वर आली आहे; तसाच जोर केला तर टामी नवीन ट्यूबला भोक पाडते. सगळं बसल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, 40 पीएसआयपर्यंत हवा भरा, टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना ते पाहा आणि मग हवा उतरवा.

सोबत एकच ट्यूब न्यायची तर 21 इंची न्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडे तीच मिळत नाही, आणि अडचणीत ती मागच्या चाकात घालून घर गाठता येतं.

प्रश्न: पावसाळाभर चालवली. आता सरळ रस्त्यावर हँडल मध्यावर अडकल्यासारखं वाटतं, पुढच्या चाकातून टकटक येते. (चिपळूण)

अडकणं कोनसेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं आहे. मेन स्टँडवर लावून, इंजिनाखालच्या गार्डला जॅक देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. बरोबर मध्यावर खाच लागली तर बेअरिंगच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे सगळे धक्के त्याच जागी बसतात, आणि पावसात ग्रीस धुतलं गेलं की हे लवकर होतं. नट आवळून खड्डे भरत नाहीत. वरचा-खालचा दोन्ही सेट वाट्यांसकट बदला; टेपर रोलरचा मिळाला तर तोच घ्या, त्यात भार गोळीच्या टोकाऐवजी रोलरच्या पूर्ण लांबीवर पसरतो. आवळताना फोर्कला पुढे-मागे ओढल्यावर हलता कामा नये, आणि हँडल मध्यावरून सोडल्यावर स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे.

टकटक बहुधा तारांची आहे. प्रत्येक तारेवर पान्याने हलकं वाजवा. आवळलेली तार ‘टिण्ण’ वाजते, ढिली ‘ठप्प’. ढिली सापडली तर पाव फेरा आवळा, तिच्या आजूबाजूच्या ताराही तपासा आणि रिंग फिरवून ती किती डुलते ते पाहा. 2 मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर काम रिंग सरळ करणाऱ्या कारागिराकडे द्या. सगळ्या तारा ओळीने आवळत गेलात तर रिंग आउट होते. तारा वाजवूनही टकटक राहिली तर चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग.

गाडी उचललेलीच आहे तर एअर फिल्टरही काढून बघा. कागदी फिल्टर धुवू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. मळला असेल तर नवीन टाका. त्याच्या डब्याखालच्या नळीत पाणी किंवा गाळ साठला असेल तर पाणी फिल्टरपर्यंत पोहोचलं होतं. मग तेलाची खिडकी पाहा. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता तेल आणि फिल्टर लगेच बदला, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

प्रश्न: फॉग लॅम्प लावले, फ्यूज सारखा उडतो. (बेंगळुरू)

दोन 40 वॅटचे दिवे म्हणजे 80 वॅट, 12 व्होल्टला सुमारे पावणेसात अँपिअर. हेडलाइटच्या वायरमधून तेवढं घेऊ नका. बॅटरीच्या धन टोकापासून 10 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 30 नंबरला, 87 वरून दिव्यांना. 86 ला स्विचमार्गे इग्निशनची वायर, 85 अर्थला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. एवढं करूनही उडत असेल तर हँडल वळवताना वायर फ्रेमला घासून सोलली आहे का ते हेडस्टॉकपाशी, म्हणजे हँडल फ्रेमला जोडतं तिथे, पाहा. बहुतेक वेळा ती तिथेच सापडते.